नेट अटकतं म्हणजे नेमकं कुठे?

आमच्या घरी नेट बिघडलं की तक्रार माझ्याकडे येते. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू फिजिक्सच्या खात्यात मोडते असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आधी मिक्सर होता, मग इन्व्हर्टर आला, विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर आला, आता राउटर. तक्रार करायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पुतण्या खोलीतून ओरडतो, "काकू, पाय न, तीनशे झाला!" सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारतात, "माही मालिका काहून फिरून राह्यली व?" फिरते म्हणजे पडद्यावर ते गोल चक्र येतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, काहीच बोलत नाहीत. कापसाच्या भावाचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबला की चष्मा काढतात, चपला घालतात आणि पारावर जातात. तिथे भाव लवकर कळतो.

तिघांचं निदान मात्र एकच. नेट स्लो आहे. औषधही एकच, प्लॅन वाढवा. दिवाळीला नवऱ्याने आणि भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, मिळून ४० एमबीपीएसचा (सेकंदाला ४० मेगाबिट) प्लॅन १०० चा केला. फोनवर स्पीड टेस्ट लावली, काटा सरसर चढत नव्वदीच्या पुढे गेला, सगळ्यांनी वाकून वाकून पाहिला. त्याच रात्री नऊ वाजता गेम पुन्हा तीनशेवर. भासरे म्हणाले, "पैसे तं गेले." मी तेव्हापासून या तीनशेच्या मागे लागले.

तीनशे म्हणजे ३०० मिलिसेकंद. फोनमधून निघालेला निरोप गेमच्या सर्व्हरला पोचून परत यायला लागलेला वेळ. तो मोजायचा प्रोग्रॅम माइक म्यूस नावाच्या माणसाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. तो अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत कामाला होता; पाणबुडी शोधताना सोनार नावाचं यंत्र आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं, त्या आवाजावरून त्याने प्रोग्रॅमला पिंग म्हटलं. आज हा प्रोग्रॅम विंडोजच्या प्रत्येक लॅपटॉपवर फुकट बसलेला असतो आणि सहसा कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही.

आता साधा हिशेब. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. आमचा यवतमाळ जिल्हा मुंबईपासून सरळ रेषेत साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा गेमचे सर्व्हर मुंबईतच. म्हणजे जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. तार सरळ रेषेत जात नाही, मध्ये यंत्रं लागतात, नागपूरचा वळसा पडतो. तरी ३०-४० च्या आत काम व्हायला हवं. पुतण्याला सकाळी तेवढंच मिळतं. मग रात्रीचे वरचे अडीचशे कुठून आले? प्रकाश काही रात्री हळू धावत नाही. अडीचशे मिलिसेकंद तो निरोप कुठेतरी नुसता उभा आहे. प्लॅन वाढवून तो उभा राहायचा थांबेल असं नाही, कारण गेमला डेटा लागतोच कितीसा? एक एमबीपीएससुद्धा नाही. मालिकेचं एचडी चित्रही ५ मध्ये भागतं. ४० सुद्धा आम्हाला पुरून उरत होता.

पण जाहिरातीत वेगाशिवाय दुसरा आकडाच नसतो. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्याही वेगाचीच; २०२३ च्या जानेवारीत ती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर आली. माणूस दुकानात जाऊन "किती देता?" विचारतो, "किती वेळ थांबवता?" असं कोणी विचारत नाही. आणि गेम खेळणाऱ्या पोराचं सारं भांडण त्या दुसऱ्या प्रश्नाशी असतं. त्यातही कायम ८० असेल तर त्याचं फारसं काही म्हणणं नसतं, हाताला सवय होते. ४०, ४०, २९०, ४०, १६० असं झालं की तो फोन गादीवर आपटतो. त्याने गोळी झाडली तेव्हा समोरचा त्याच्या पडद्यावर झाडामागे होता, सर्व्हरच्या लेखी तो केव्हाच पुढे गेला होता. निकाल सर्व्हरचा. अपील नाही.

शोधायची रीत सोपी आहे, आणि ती कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाची वाटते मला. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीत घरच्याच राउटरला पिंग लावायचा, बहुतेकांकडे त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत बाहेरच्या कुणाला तरी, गूगलचा ८.८.८.८ लक्षात राहायला सोपा. दोन्ही सतत चालू ठेवायचे आणि बघत बसायचं. पहिल्या खिडकीतले आकडे उड्या मारत असतील तर भानगड घरातल्या हवेत आहे, म्हणजे वायफायमध्ये. पहिली शांत आणि दुसरीच उड्या मारते आहे, तर भानगड राउटरच्या पलीकडे. आधी एवढी वाटणी केली की अर्धं भांडण मिटतं. नाहीतर केबलवाल्याला शिव्या घालत बसतो आपण आणि भिंत असते घरची.

आमच्याकडे दोन्ही खिडक्या नाचत होत्या.

घराची रचना सांगायला हवी. जुना भाग मातीचा, दीड हात जाडीच्या भिंतींचा. त्याला लागून नवी स्लॅबची खोली, आणि पुढे टिनाची ओसरी. राउटर ओसरीत, देवाच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेला, कारण जोडणी द्यायला आलेल्या पोराची वायर तिथवरच पुरली होती. (गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात राउटर वायर संपते तिथे असतो. मधोमध, उंचावर ठेवा वगैरे सल्ला पुस्तकात.) पुतण्याच्या खोलीची खिडकी ओसरीत उघडते. थंडीत, पावसाळ्यात त्या खिडकीतून त्याला बरं चालतं. एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसतो.

आमचा कूलर यवतमाळच्या कारागिराने ठोकून दिलेला, पत्र्याचा, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. विदर्भाबाहेरच्यांना त्याचा आकार कळायचा नाही. दोन माणसं लागतात उचलायला. राउटर आणि पुतण्याची खाट यांच्या बरोबर मध्ये तो उभा. मी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले. राउटर तिथून दहा-बारा पावलांवर, आणि आकडे ३, ५, ९०, २१०, मग टाइम आउट. पुतण्याचा संशय कूलरच्या मोटरीवर. मोटर बंद केली, आकडे तसेच. मग नवऱ्याला राउटर खिळ्यावरून काढून वायर पुरेल तेवढा दाराच्या चौकटीत धरायला लावला. २, ३, २, ३. परत खिळ्यावर, परत ९०. मोटर बिचारी निर्दोष. आडवा येत होता तो पत्रा, त्यामागच्या ओल्या ताट्या आणि टाकीतलं पाणी. धातू लहरी परतवून लावतो, पाणी त्या शोषून घेतं. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच्याच आसपास चालतो. इथे माझ्यातली मास्तरीण गप्प बसत नाही. या वारंवारतेला पाण्याचा रेणू काही खास सूर लावून नाचतो अशी एक समजूत आहे, ती चूक आहे. कारखान्यांतले मोठे ओव्हन ९१५ मेगाहर्ट्झवरही पाणी तापवतात. पाणी पुष्कळ मोठ्या पट्ट्यात थोडं थोडं शोषतच असतं, आणि दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झचा, त्याला तर ओली ताटी काय आणि मातीची भिंत काय, दोन्ही जास्तच जड जातात. तो पट्टा वेगवान आहे पण एका खोलीपुरता.

मातीच्या भिंतींचंही तसंच. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि जुन्या भागात सिग्नलची एक दांडी कमी होते. सासूबाईंच्या मालिकेला श्रावणात चक्र जास्त येतं, याला आता माझ्याकडे तरी कारण आहे.

राउटरच्या खोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ असते, कोणी वाचत नाही. चालण्याचं तापमान ०° ते ४०°. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. आमच्याकडेही पारा ४४-४५ ला असतोच. टिनाखाली ओसरीत दुपारी किती असेल ते सांगायला नको. हे खोकं ज्याने लिहिलं त्याच्या हिशेबी आम्ही दोन महिने राउटर नियमबाह्य वापरतो. दुपारी तो आपोआप बंद पडून चालू व्हायचा, हात लावला तर चटका बसायचा. नुसता टिनाखालून काढून, वायर वाढवून घेऊन, मातीच्या खोलीत कोनाड्यात नेला तर तो प्रकार थांबला. जुनी माणसं दुपारी जिथे झोपतात, राउटरही तिथेच ठेवावा.

वायफायची आणखी एक खोड आहे, ती मला पूर्वी नीट उमगली नव्हती. एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीच्यांनी गप्प राहायचं, हवा मोकळी व्हायची वाट पाहायची. ज्याचा सिग्नल पडका, तो तोच निरोप हळूहळू बोलतो आणि हवा जास्त वेळ अडवून धरतो. आमच्याकडे असा एक गडी होता: गोठ्याकडच्या कोठीवरचा कॅमेरा. मागे गावात सोयाबीनची पोती चोरीला गेली, तेव्हापासून घरोघर कॅमेरे आले. आमचा राउटरपासून सगळ्यांत लांब, मध्ये दोन मातीच्या भिंती, आणि चोवीस तास चित्र इंटरनेटवर चढवणारा. त्याला सांगितलं की सगळं मेमरी कार्डावर ठेव, हालचाल दिसली तरच वर पाठव. आता तो रात्रभर मांजराची हालचाल पाठवतो. तरी पुष्कळ बरं.

चॅनेलचा, म्हणजे पट्ट्याच्या कुठल्या भागात राउटर बोलतो त्याचा, मामला खेड्यात फारसा नसतो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल मिळतात, १, ६ आणि ११. तालुक्याच्या कॉलनीत एका भिंतीला चार राउटर, तिथे त्यांची कुस्ती चालते. आमच्या गल्लीत आम्ही, समोरचे पाटील आणि ग्रामपंचायत. मी चॅनेल बदलून पाहिला, काही फरक पडला नाही, सोडून दिला.

आता दुसरी खिडकी. घरातली हवा मोकळी झाली, राउटरचा पिंग २-३ वर बसला, तरी रात्री नऊला बाहेरचा आकडा साडेतीनशे. नऊलाच का, हे बरेच दिवस कळत नव्हतं. संशय केबलवाल्यावर, कारण एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं वाटलेली असतात आणि नऊला सगळं गाव पडद्यापुढे. त्याची परीक्षा अशी: घरातले सगळे फोन वायफायवरून काढायचे, एकच लॅपटॉप वायरने राउटरला जोडायचा. तरीही आकडा चढला तर दोष त्याचा. आमचा उतरला. मग एकेक फोन परत जोडत गेलो. जाऊबाईंचा (त्यांना मी ताई म्हणते) फोन जोडला आणि आकडा चाळीसवरून तीनशेच्या पार.

नणंदेच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. हळदीपासून वरातीपर्यंतचे सगळे व्हिडिओ ताईंच्या फोनमध्ये, कारण कॅमेरा त्यांचा चांगला. फोन वायफायवर असेल आणि चार्जिंगला लावलेला असेल तेव्हाच फोटोंचा बॅकअप चढवायचा, अशी सोय बऱ्याच फोनांत असते. त्यांच्यात ती चालू होती. ताई जेवणं आटोपून, भांडी घासून, नऊला फोन चार्जिंगला लावतात. त्याआधी त्यांना फोन हातात घ्यायलाच मिळत नाही.

"माह्या फोननं?" त्या म्हणाल्या. पोराकडे पाहिलं. पोरगं खाली पाहायला लागलं.

१०० चा प्लॅन आमच्याकडे खाली उतरवायचा. वर चढवायला मिळतात १०, आणि प्लॅन वाढवला तरी हे १० तसेच राहिले होते. पण १० भरले तर गेमचा एवढासा निरोप का अडावा? हे ज्याने कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आवारात रात्र काढली आहे त्याला लगेच कळेल. वजनाचा काटा एकच. आवार लहान असेल तर पन्नास ट्रॅक्टर आत आले की फाटक लागतं, बाहेरचे समजतात आणि उद्या येऊ म्हणून परत फिरतात. आवार ऐसपैस असेल तर फाटकावरचा माणूस सगळ्यांना आत घेतो. कोणी नाराज नाही, सगळे आत, सगळ्यांना वाटतं आपला नंबर लागला. काटा मात्र तेवढ्याच वेगाने मोजतो. आता एखादा माणूस नुसती पावती घ्यायला सायकलवर आला तरी त्याला दोनशे ट्रॅक्टरांमागे उभं राहावं लागतं. राउटरमधली मेमरी म्हणजे ते आवार. ताईंचे व्हिडिओ म्हणजे ट्रॅक्टर. पुतण्याचा गेम सायकलवर.

या रोगाचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कलीला लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यामधली जोडणी अचानक बसली. अंतर ४०० यार्ड, वेग ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला ४० बिट्सवर. व्हॅन जेकबसन याने कारण शोधलं: पाठवणारे सगळे एकाच वेळी रेटत होते आणि हरवलेलं पुन्हा पुन्हा पाठवत होते. त्याने उपाय काढला की निरोप हरवला म्हणजे वाट भरली असं समजायचं आणि पाठवणाऱ्याने दमानं घ्यायचं. इंटरनेट त्यावर तरलं. पुढे मेमरी स्वस्त झाली. यंत्रं बनवणाऱ्यांनी विचार केला, निरोप हरवायचा कशाला, ठेवू की आत. आवार वाढवत नेलं. हरवतच नाही म्हटल्यावर पाठवणाऱ्याला वाट भरल्याचं कळणार कसं? तो रेटतच राहतो. २०१० मध्ये जिम गेटीस या संगणकतज्ज्ञाला आपल्या घरच्या नेटवर हीच गोष्ट आढळली. एवढा मुरलेला माणूस, आणि सापडलं ते घरातल्या राउटरमागे. त्याने याला बफरब्लोट असं नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि त्याच जेकबसनने त्यावर कोडेल नावाची पद्धत मांडली. तीत रांग किती लांब आहे हे पाहतच नाहीत. आतला निरोप किती वेळ उभा आहे ते पाहतात. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं सतत होत असेल तर मुद्दाम एखादा निरोप टाकून द्यायचा, म्हणजे पाठवणारा भानावर येतो. तिच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येकाची रांग वेगळी, सायकलवाल्याला ट्रॅक्टरांमागे उभं राहावं लागत नाही.

केबलवाल्याने दिलेल्या डब्यात ही सोय नाही, बहुतेकांच्या नसते. त्यात वेगमर्यादा घालायची जागा तेवढी सापडली. एकूण वर चढवायचा वेग १० ऐवजी साडेआठवर बांधला, म्हणजे रांग लागायची तर आपल्या ताब्यात लागते, पलीकडच्या यंत्रात नाही. ताईंच्या फोनला त्यातले ३. व्हिडिओ चढायला वेळ लागला, पण लग्न तर होऊन गेलं होतं, घाई कसली.

असंच एक आवार मालिकेकडेही असतं, म्हणून सासूबाईंची मालिका गेम मरतो तेव्हाही चालू असते, आणि पुतण्याला हा घोर अन्याय वाटतो. मालिका पुढचं अर्धं-एक मिनिट आधीच उतरवून ठेवते. तीनशे मिलिसेकंद उशीर झाला तर तिला पत्ताही लागत नाही. फारच ओढाताण झाली तर चित्र जरा धूसर करून निभावून नेते. गेमला पुढचं काही साठवता येत नाही, कारण पुढे काय होणार ते अजून झालेलंच नाही. थेट क्रिकेट दोन्हीच्या मध्ये कुठेतरी. आमच्याकडे मॅच नेटवर, समोरच्या पाटलांकडे डिशवर. आमच्या पडद्यावर बॉलर अजून धावत येतोय तोवर पाटलांकडून "गेला!" ऐकू येतं. मामाजी आता मॅच बघताना समोरचं दार लावून घेतात. यावर राउटरकडे इलाज नाही. तो उशीर व्हिडिओचे तुकडे करून पाठवण्यातच आहे. उलट मालिकेचा एक त्रास गेमला असतो: ती सलग उतरत नाही, दर काही सेकंदांनी एक मोठा घास घेते, आणि त्या घासाच्या क्षणी गेमला ठेच लागते. ठरावीक अंतराने झटका येत असेल तर घरात कोणीतरी काहीतरी बघतंय हे निश्चित समजावं.

एवढं सगळं करूनही पावसाळ्यात एकदा घरातलं सारंच अडखळायला लागलं, तेव्हा मात्र खरंच बाहेरची भानगड होती. आमच्याकडे फायबर खांबाखांबावरून लोंबकळत येते. वानरं तिच्यावरून झोके घेत चिंचेवरून आंब्यावर जातात. जेसीबीने नाली खोदताना पुरलेली तोडणं हे वेगळंच. तुटली तर डब्यावर लाल दिवा लागतो आणि प्रकरण उघड होतं. वाईट असतं ते न तुटता दुखणं. केबलवाल्याचा पोरगा आला, खिशातून छोटा पॉवर मीटर, म्हणजे आलेला प्रकाश डेसिबलमध्ये मोजणारा, काढला, फायबरचं टोक त्यात घातलं. "मॅडम, कडेला आलं जी. उणे सव्वीस." घरच्या डब्यांची समज उणे सत्तावीसच्या आसपास संपते, त्याखाली त्याला प्रकाश नीट दिसत नाही आणि निरोप चुकायला लागतात. त्याने खांब वगैरे काही पाहिलं नाही, सरळ आमच्या चौकटीपाशी गेला. वायर वाढवताना उरलेली कोणीतरी, म्हणजे ज्याने बसवली त्यानेच, खिळ्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवली होती, वेढे दोन बोटांएवढे. काचेचा तंतू फार वाकवला की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. त्याने वेढे सोडवले, ताटलीएवढे मोठे केले, चिकटपट्टीने भिंतीला लावले आणि मीटर दाखवला: उणे एकवीस. पाच डेसिबल म्हणजे तिपटीहून जास्त प्रकाश, नुसता पीळ सोडून. मी दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात पूर्ण आंतरिक परावर्तन याच गोष्टीने सुरू केलं.

लाइटचं दुखणं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहायला बसलं तर संपायचं नाही. राउटर १२ व्होल्टवर चालतो. त्याला लिथियमच्या सेलचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावाच. लाइट क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा उठायला मिनिटं घेतो. मात्र गावात लाइट लांबली की पलीकडच्या यंत्राची बॅटरी संपते आणि मग आपल्या यूपीएसवर नुसते हिरवे दिवे बघत बसायचं. राउटर कारणाशिवाय बंद-चालू होत असेल तर राउटर बदलण्याआधी ॲडॉप्टर बदलून पाहावा. तेच जास्त वेळा म्हातारं होतं.

शेवटी पुतण्याच्या खोलीसाठी कायमचं काम केलं. जुना राउटर माळ्यावर पडला होता. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकाच डब्याकडे राहिलं, आणि कोनाड्यातल्या राउटरपासून वायर ओढून त्याच्या लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) खोबणीत लावली. वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) नाही, इथे बरेच जण अडकतात. एक चॅनेल १ वर, दुसरा ६ वर. वायर आढ्यावरून न्यावी लागली आणि उंदरांसाठी प्लॅस्टिकच्या पाइपातून. १०० मीटरपर्यंत ही वायर चालते, आम्हाला त्याचा दहावा हिस्साही लागला नाही. कूलर आता खिडकीत खुशाल राहो.

वेगमर्यादेच्या त्या पानावर घरातल्या सगळ्या फोनांची यादी दिसते, आणि कुणाला किती द्यायचं ते ठरवता येतं. पुतण्याने स्वतःला सर्वांत वर घातलं होतं, नाव "किंग". मामाजींचा फोन "फोन". सासूबाईंचा टीव्ही, माझा लॅपटॉप, कॅमेरा, सगळ्यांना नावं. ताईंच्या फोनला नाव नव्हतं, नुसता अक्षरांचा आणि आकड्यांचा लांबलचक पत्ता, यादीच्या अगदी तळाशी. मर्यादा तेवढी त्यालाच लावलेली होती, आणि ती मीच लावलेली. या पानावर मग घरात जी बोलणी झाली ती इथे लिहिण्याजोगी नाहीत. निकाल असा लागला की रात्री नऊ ते दहा ताईंच्या फोनला मर्यादा नाही, बॅकअप दहानंतर, आणि गेमला प्राधान्य आहे पण अभ्यास झाल्यावर. शेवटची अट राउटरमध्ये घालता येत नाही, ती भासऱ्यांनी तोंडी घातली.

आता पुतण्याचा पिंग ३८ दाखवतो, रात्री नऊलासुद्धा. तो तरीही हरतो. परवा फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "काकू, नेट बराबर आहे. या फोनचा टचच हळू हाये. खेळता खेळता गरम बी होते." फोन खरंच गरम होतो, आणि गरम झालेला फोन स्वतःची गती कमी करतो हेही खरं आहे. पण नव्या फोनचं खातं फिजिक्सकडे येत नाही. मी त्याला त्याच्या बाबांकडे पाठवलं.